महानंदानं मागितला जाब

त्या श्रावणात पूजेला बसून इष्टलिंग तळहातावर घेतलं, की माझ्या मनात मंत्राच्या आधी तक्रार उभी राहायची. जन्मभर तुला गळ्यात वागवलं, महादेवा, आणि माझ्या लेकीच्या वेळी तू कुठं होतास?

आमचं रेणापूरला किराणा दुकान. लेक महानंदा नांदेड जिल्ह्यात दिलेली. नवरा मारायचा, पण तिनं आम्हाला कळू दिलं नाही. एके दिवशी ती एकटीच पोलीस ठाण्यात गेली आणि म्हणाली, "साहेब, आज तो मला जित्ती ठेवणार न्हाई." साहेबांनी तक्रार लिहून घेतली नाही. उलट नवऱ्यालाच बोलावलं, "घरचं भांडण हाय, घरीच मिटवा," असं सांगितलं आणि तिला त्याच्या हवाली केलं. संध्याकाळी त्यानं तिला गच्चीवरून ढकललं. जीव वाचला, डावा हात मात्र आजही खांद्याच्या वर जात नाही.

जावयाला अटक झाली, महानंदा माहेरी आमच्याकडं आली. भाऊबंद म्हणाले, झालं एवढं पुरे. महानंदा मला म्हणाली, "आई, ज्यानं मारलं त्याच्यावर खटला चालू हाय. पण ज्यांनी मला त्याच्या हातात दिलं, त्यांचं काय?" आणि तिनं उच्च न्यायालयात पोलिसांविरुद्ध अर्ज केला.

पोलिसांचं उत्तर आलं, की ही बाई ठाण्यात आलीच नव्हती. नांदेडचे आमचे वकील मान हलवून म्हणाले, "साक्षीदार नसेल तर अवघड आहे." परतताना मी आणि महानंदा नांदेडच्या बसस्थानकावर बसलो होतो. मी डोळे मिटून एवढंच म्हणाले, महादेवा, माझी अक्कल संपली. आता तूच बघ.

"ताई, वळखलं का?"

डोळे उघडले, तर साध्या साडीतली एक बाई महानंदाजवळ उभी होती. महानंदा तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही... ठाण्यात मला पाणी दिलं होतं."

ती तिथलीच शिपाई होती. आता बदलून नांदेडला आली होती. म्हणाली, "साहेबांनी तुमाला परत धाडलं ते मी बघितलं. नोकरीच्या भ्यानं गप राहिले. लई दिवस झाले, घास गोड लागत न्हाई."

"कोर्टात सांगाल?" महानंदानं सरळ विचारलं.

आमची लातूरची गाडी लागली, भरली, निघून गेली. ती बाई पदराशी चाळा करत उभी होती. मग म्हणाली, "सांगते."

आणि तिनं खरंच सांगितलं, शपथेवर. तिला वरिष्ठांची बोलणी खावी लागली, तरी ती मागं हटली नाही. न्यायालयानं म्हटलं, जीव वाचवायची विनंती घेऊन आलेल्या बाईला संरक्षण देणं ठाण्याचं कर्तव्य होतं, आणि ते चुकल्याचा जाब पोलिसांना द्यावाच लागेल. त्या साहेबावर कारवाईचा आदेश झाला. निकाल ऐकताना महानंदा ताठ उभी होती. तिच्याकडे बघून माझा ऊर भरून आला. ही माझ्या पोटची पोर!

ती बाई त्याच दिवशी बसस्थानकावर कशी आली, हे मी कुणाला पटवत बसत नाही. मी फक्त हात जोडते. एक मात्र कळलं. माझ्यानं होईल तेवढं मी केलं आणि उरलेलं महादेवाच्या पायावर ठेवलं. पण माझी लेक तोवर वाटेवर उभीच होती, म्हणून त्यानं धाडलेलं माणूस तिला सापडलं.

परवा आमच्या गल्लीतली एक सून रडत दुकानात आली. महानंदा गल्ल्यावरून उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल, मी येते तुझ्यासंगं ठाण्यात."