दहा बोटांची बाई

नगरच्या एका कला महाविद्यालयात मी जाहिरातकला शिकवते. मागच्या डिसेंबरात दुसऱ्या वर्षाला एक असाइनमेंट दिली होती. घरातल्या माणसाच्या कामावर पोस्टर. हाताने काढा, टॅबवर काढा, पण स्वतः काढा. एआयकडून करून आणलेल्या चित्राला शून्य, हे मी फळ्यावरच लिहिलं होतं.

तरी आलीच. एका मुलाने नागापूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांचं पोस्टर आणलं. त्यातल्या पाटीवरची अक्षरं देवनागरीसारखी दिसत होती, पण वाचता एकही येत नव्हतं. बोलावल्यावर त्याने हसून कबूल केलं. आता मला सवयच लागली आहे. पाट्या वाचायच्या, कान बघायचे, बोटं मोजायची.

एका मुलीच्या चित्रात मात्र बोटं बरोबर दहा होती. ऊस तोडणारी बाई, हातात कोयता, मागे सोनेरी ऊन. ही मुलगी पाथर्डीकडची, होस्टेलवर राहणारी, मागच्या बाकावर बसणारी. तिची रेषा मी कुठेही ओळखली असती, आणि ती या चित्रात नव्हती. शिवाय बाईने कोयता तलवारीसारखा धरला होता आणि उसाची मोळी चक्क सुतळीने बांधली होती.

मी ते चित्र वर्गात वर धरलं. "ज्याने हे दिलंय, त्याने ऊसतोड कधी बघितली तरी आहे का?"

दोघं-तिघं हसले. ती खाली बघत राहिली.

तास सुटल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली. "मॅडम, ते मी काढलेलं नाहीये."

"ते कळलं मला. पण तुला चित्र काढता येतं. मग असं का?"

"ऊसतोड बघितलीय मी. आई-पप्पा आत्ता राहुरीकडे तोडणीलाच हायेत. सातवीपर्यंत मी पण जायचे."

तिने सॅकमधून वही काढली. सहा-सात पानं भरून तिची आई होती. कुठे उसाच्याच वाढ्यांनी, शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याने, मोळी बांधणारी, कुठे पाणी पिणारी. प्रत्येक चित्रात डाव्या हाताची तर्जनी अर्धीच.

"मी चौथीत असताना आईला कोयता लागला होता," ती म्हणाली. "पोस्टरचं सांगितलं तर आई म्हणाली, माझा हात दाखवायचा न्हाई. मग अख्खं बोट काढायला बसले. जमेना. आईला खोटं बोट लावताना कसंतरीच व्हायला लागलं. म्हणून मोबाईलकडूनच करून घेतलं."

ती स्केचेस मला भिंतीवर लावायची होती, हे खरं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला आईला फोन लावायला सांगितला. कष्टाची लाज कशाला, असं बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं.

"म्याडम, पोरीचं चुकलं," आई म्हणाली. "पर हात तेवढा नगं. समदे इच्यारत्यात, बोट कसं गेलं म्हून. हितं सांगून सांगून कटाळा आलाय, अजून तिथल्या लोकास्नी कशाला?"

जुळवलेलं सगळं मी गिळून टाकलं. "नाही दाखवणार," एवढंच म्हणाले.

आधीच्या चित्राला शून्यच मिळेल, हे मी मुलीला सांगितलं. "चालेल," ती म्हणाली. तिला आणि त्या कारखानावाल्या मुलालाही आठ दिवस दिले, कच्च्या रेखाटनांसकट नवं पोस्टर आणायला.

तिने आणलेल्या चित्रात आई पाठमोरी होती. डोक्यावर मोळी, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढणारी, एक टाच उचललेली. हात वाढ्यांत झाकले गेले होते. फळी वजनाने मधोमध वाकली होती, आणि ते वाकणं तिला नेमकं माहीत होतं.

त्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "मागच्या आठवड्यात एका चित्रावरून मी जे बोलले, ते चुकीचं होतं. चित्र नियमात बसत नव्हतं, तो भाग वेगळा. पण ते देणाऱ्याला ऊसतोड माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी माफी मागते."

कोणाविषयी बोलतेय हे बहुतेकांना कळलं असावं. ती मात्र वर बघत होती. तिने हलकेच मान हलवली आणि मी हजेरी घ्यायला सुरुवात केली.