चाळीस जणींची एकादशी

बावीस वर्षांच्या संसारात बायकोने मला स्वयंपाकाला पहिल्यांदाच हात लावू दिला, आणि त्या दिवशी चाळीस बायकांची एकादशी मोडली.

बँकेने माझी बदली साताऱ्याहून बनारसला केली तेव्हाची गोष्ट. आम्ही दूधविनायकच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. नलिनीने, म्हणजे आमच्या सौ.ने, तीन महिने शेजारपाजारच्या एकट्या मंडळींना डबे दिले आणि एक दिवस पहिली मोठी ऑर्डर चालून आली. रामनगरच्या मिश्राइन चाचींकडे एकादशीचं कीर्तन होतं. चाळीस बायका, सगळ्यांना व्रताचा फराळ. चाची म्हणाल्या, "अच्छा बना, तो हमारे खानदान के मुंडन-तिलक सब आपके।" (म्हणजे जावळं आणि साखरपुडे.) त्यांच्या खानदानात माणसं किती? रामनगर बरंचसं त्यांचंच होतं!

नलिनीला रात्रभर झोप नाही. सकाळी तिने माझ्या हातात कागद दिला. "अहो, इकडच्या उपासाला काय चालतं ते चाचींना एकेक करून विचारून या. जिरं, मिरची, कोथिंबीर, दाणे, मीठ. अंदाजाने काही करायचं नाही. ही ऑर्डर बिघडली तर धंदा इथेच संपला."

"अगं, आपल्याला उपास शिकवणार हे लोक? एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणाऱ्यांचं आपलं कूळ!"

"कूळ राहू दे. विचारून या."

गेलो. जिरं विचारलं, मिरची विचारली, कोथिंबीर, दाणे, सगळं विचारलं. शेवटी राहिलं मीठ. आता मला सांगा, बँकेतल्या जबाबदार माणसाने परक्या बाईला 'मीठ चालतं का हो?' असं विचारायचं? (उद्या विचारा, पाणी चालतं का!) मी खिशातलं पेन काढलं, 'मीठ' खोडलं आणि परत आलो.

"सगळं चालतं," मी जाहीर केलं.

एकादशीला पहाटेपासून साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. नलिनी घामाघूम. मी मध्ये मध्ये "मी काही करू का?" विचारत होतो. शेवटी वैतागून ती म्हणाली, "बरं, मीठ टाका! मी सांगते तेवढंच." मी साधं मीठ नाही घेतलं. माझ्या मावशीने अलिबागहून पाठवलेलं खास खडेमीठ होतं, ते कुटून घातलं. हौस!

रामनगर गंगेपलीकडे, पुलावरून लांब पडतं म्हणून पातेली नावेत घातली. नाव हलली की नलिनी पातेल्यांना धरायची. मला कुणीच धरलं नाही.

रामनगरला पंगत बसली आणि काय सांगू! बायका खिचडीवर तुटून पडल्या. चाचींच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई, अम्माजी, यांनी तर तीनदा घेतली. नलिनीचा चेहरा फुलला. मला वाटलं, बदली सार्थकी लागली.

इतक्यात अम्माजी बोटं चाटत म्हणाल्या, "ए भइया, स्वाद तो गजब है। ई सेंधा कौन पहाड़ का है?"

एवढं बोलून त्या थांबल्या होत्या. मीही थांबलो असतो तर हा लेखच झाला नसता. पण आपल्या गावाकडच्या वस्तूचं कौतुक कुणी केलं की माझी छाती फुगते.

"पहाड़ का? नहीं अम्माजी!" मी अभिमानाने म्हणालो, "ये तो समुंदर का है! खास हमारे अलिबाग का!"

चाळीस हात हवेत थांबले.

त्या शांततेत मला जे कळलं ते असं: इकडे उपासाला फक्त सेंधा, म्हणजे डोंगरातलं सैंधव चालतं. समुद्राचं मीठ जिभेला लागलं की व्रत मोडलं.

"हाय राम! टूट गया!" कुणीतरी किंचाळलं. चाचींनी कपाळाला हात लावला. नलिनी माझ्याकडे वळली. इतक्या हळू आवाजात ती लग्नानंतर कधीच बोलली नव्हती.

"मिठाचं विचारलं होतंत ना?"

तो कागद अजून खिशातच होता; मी खिसा घट्ट धरला. तिने तो सोडवून कागद काढला, खोडलेला शब्द पाहिला, आणि पदर खोचला. मला वाटलं, गंगा जवळच आहे, आता मला ढकलणार.

पण निवाडा अम्माजींनी केला. "जान के थोड़े खाया है! पाप खाने वाले को नहीं, बनाने वाले को लगेगा।"

"नमक इन्होंने डाला है," नलिनी ताबडतोब म्हणाली. (अर्धांगिनी!)

"तब इन्हीं को लगेगा।"

चाळीस चेहरे एकदम उजळले. अम्माजी नलिनीला म्हणाल्या, "अब टूट ही गया, तो भूखे काहे मरें? बहू, पूड़ी बना। चावल मत बनाना, आखिर एकादशी है!"

नलिनी चाचींच्या चुलीपुढे जी बसली! पुऱ्या, हिंग-मोहरीची फोडणी दिलेली बटाट्याची भाजी, केळं घातलेला शिरा. मी प्रायश्चित्त म्हणून पुऱ्या लाटल्या. त्यातली एकही गोल नव्हती, पण त्या दिवशी कुणाला आकार पाहायची सवड नव्हती. निघताना चाचींनी दोन मुंडनं आणि एक तिलक नलिनीच्या पदरात टाकला.

पंधरा दिवसांनी त्या आमच्या दारात हजर. "बहूजी, कल फिर एकादशी का कीर्तन है।"

नलिनीने लगेच पुडा दाखवला. "चाची, इस बार असली सेंधा मँगवाया है!"

चाचींनी आधी मागे पाहिलं, मग आवाज उतरवला. "अरे, ऊ रहने दीजिए। नमक भाईसाहब ही डालें, और हमको बताएँ जरा देर से। पूड़ी का आटा हम गूँथ के रखेंगे।"

जगभरातून माणसं पाप फेडायला काशीला येतात. पाप करण्यासाठी इथे आगाऊ बोलावणं येणारा माणूस बहुधा मी एकटाच!