आत्याच्या अंगठ्याला पटेना

माझी आत्या पस्तीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती. निवृत्तीच्या दिवशी सहकारी भिंतीवरचं घड्याळ देणार होते. ती म्हणाली, "घड्याळाचं काय करू? तो जुना सूक्ष्मदर्शक द्या, नाहीतरी भंगारातच जाणार." तो आला आणि तिच्या खिडकीशी स्थिरावला.

तिला मऊ गोष्टींचं वेड. कुणाच्याही स्वेटरची बाही चिमटीत धरून विचारायची, "हे कशाचं?" एकदा लिफ्टमध्ये एका परक्या गृहस्थांची बाही धरली आणि बोलता बोलता तिसऱ्याऐवजी सातव्या मजल्यावर पोचली.

त्याच वेडापायी ती टकळीवर कातायला शिकली. पहिलं सूत कुठे सुतळी तर कुठे केस असं निघालं. वर्षभरानं मात्र बकरीच्या अंगची तलम लोकर, रेशीम, याकचे केस, सगळं तिच्या बोटांतून एकसारखं उतरू लागलं. त्या सुताच्या ती कानटोप्या, गळपट्टे आणि बोटं उघडी राहणारे हातमोजे विणायची आणि रविवारच्या बाजारात विकायची. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी: लोकर कशाची, कातायला किती तास लागले.

एकदा नव्या व्यापाऱ्याकडून तिनं बकरीची लोकर मागवली. 'शंभर टक्के अस्सल,' असं पिशवीवर छापलेलं. त्यातून अकरा गळपट्टे विणून विकलेही गेले. बाराव्यासाठी कातताना ती थबकली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"अंगठ्याला पटत नाहीये. हे हातातून फार निसटतंय."

तिनं चार तंतू काचपट्टीवर ठेवले. डोळा लावला तो काढेचना. शेवटी मला पुढे ओढलं. काही तंतूंवर दाट, टोकदार खवले दिसत होते. काहींच्या आत शिडीसारख्या पायऱ्या.

"खवले मेंढीचे, शिडी सशाची. बकरी पिशवीकडे फिरकलेलीच नाही!" ती चिडायच्या ऐवजी खूश होती. मग हातातली टकळी तिनं बाजूला ठेवली. "पण मी अकरा जणांना बकरी म्हणून दिलंय."

तिनं व्यापाऱ्याला फोन लावला.

"ताई, आजवर कुणाची तक्रार नाही," तो फणकारला.

"तक्रार नाही हो. फक्त विचारतेय, ससा आला कुठून?"

त्याचा आवाज उतरला. मग तो म्हणाला, "खरं सांगू? मला माहीत नाही. मी पिशव्या भरतो. माल दुसऱ्याकडून येतो."

"मग या आणि बघून जा."

चार दिवसांनी तो खरंच आला, घुश्शातच. तासाभरानं मात्र स्वतःच्या मिशीचा केस उपटून काचेखाली ठेवत होता. मी म्हटलं, "आत्या, यांचं-तुझं सूत जुळलं." तिनं मला डोळ्यांनी दटावलं.

त्या रविवारी तिनं बाजारात पाटी लावली: 'बकरीचे गळपट्टे घेतलेल्यांनी भेटावे. ते मेंढी आणि ससा आहेत.' सात जण आले. दोघींनी परत केले. एक म्हणाली, "मी सगळ्यांना बकरीचा म्हणून मिरवला, आता काय तोंड दाखवू?" आत्यानं तिची माफी मागितली आणि रेशमाची टोपी दिली. एका बसचालकानं मात्र गळपट्टा काढायलाच नकार दिला. "मान गरम आहे ना? मग ससा असो नाहीतर मेंढी. पण ती शिडी मला दाखवाल का?"

उरलेले चौघे कधीच आले नाहीत. ते तिला अजून बोचतं.

व्यापारी आता प्रत्येक नवा माल आधी तिच्याकडे आणतो. गेल्या महिन्यात त्यानं करडा, चमकदार पुंजका आणला. बकरी नाही, ससा नाही, याक नाही. आत्यानं जाळून वास घेतला, भिजवला, कातून पाहिला. काही केल्या कळेना.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय! सोळा दिवस झाले, हे कोडं सुटत नाहीये, म्हणून तर झोप इतकी छान लागतेय," ती म्हणाली आणि नवी काचपट्टी पुसायला घेतली.