बापूंचं रिकामं कॅरिअर

माझ्या फोटो स्टुडिओत फोटो काढायला येणारे कमी आणि बाकड्यावर बसायला येणारेच जास्त. बसले की बोलणार, बोलले की काहीतरी निघणारच! लोक रोल धुवायला टाकतात आणि न्यायला विसरतात, तसे हे किस्से माझ्याकडं पडून राहिलेत. त्यातले सायकलचे तेवढे आज काढतो, कारण त्यात मी स्वतःही पडलेलो आहे.

दोन हजार सालानंतरचा काळ. नारायणगावात जो तो गाडीवर. पानाच्या टपरीवर जायचं तरी किक मारायची! मग व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी आम्हा चौघांना एकाच महिन्यात झापलं. चौघं म्हणजे मी, सलीमभाई टेलर, प्राथमिक शाळेतले थोरात गुरुजी आणि जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारे, मोटार वाइंडिंगवाले बापू. "गोळ्या देतो, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. सायकल चालवा. लहानपणी येत होती ना?"

येत होती की! तासाच्या भाड्यानं आणून गुडघे फोडून घेतलेली माणसं आम्ही. चौघांनी चार जुन्या काळ्या सायकली मिळवल्या आणि सकाळी वारूळवाडीच्या रस्त्याला लागलो. तिघांच्या डोक्यात शुगर होती. बापूंच्या डोक्यात मात्र मंगलवहिनी होत्या.

त्याचं असं झालं होतं. बापूंचं नवीन लग्न. वहिनी पहिल्यांदा माहेरी गेल्या, त्यांना आणायला बापू सायकल घेऊन बेल्ह्याला गेले. येताना वहिनी मागं कॅरिअरवर. बापूंना तेव्हा वाइंडिंगचं दुकान टाकायचं होतं. बेल्ह्यापासून जी गाडी सुरू झाली ती दुकान कुठं, बोर्ड कसला, नाव काय, सगळं सांगत सुटली. मागून हूं नाही की चूं नाही. "मला वाटलं, नवी नवरी, लाजत आसंल!" असं बापू अजून सांगतात.

नारायणगावातून जाताना लोक त्यांच्याकडं बघून हसत होते. बापूंना वाटलं, नवरी बघून हसतात. ते आपले एकेकाला हात करत चालले! वारूळवाडीत घरापुढं घंटी वाजवली, तशी आई भाकरतुकडा ओवाळायला दारात आली आणि म्हणाली, "आरं, सूनबाई कुठाय?"

सूनबाई नारायणगावच्या अलीकडं ओढ्याच्या खड्ड्यात उतरल्या होत्या. म्हणजे पडल्या होत्या. दिवेलागणीला कुणाच्या तरी बैलगाडीतून आल्या. तेव्हापासून बापूंच्या मागं बसायचं नाव नाही. पुढं राजदूत आली, स्कूटर आली. बापू गाडीवर आणि वहिनी एसटीनं! एकाच लग्नाला दोघं दोन वाटांनी पोचायचे. साऱ्या तालुक्याला सवय झाली होती, फक्त बापूंना झाली नव्हती.

"एकदा मागं बसली पायजे राव. एकदाच," ते म्हणायचे. "सायकलवरनं पाडली, तर सायकलवरच बसवणार."

*

पहिला मान गुरुजींचा. पहिल्याच सकाळी आम्ही सायकल धरली, तर गुरुजींनी उजवा पाय दांडीखालून घातला. कैची! उंची पुरत नाही म्हणून पोरं दांडीखालून पाय घालून अर्धं अर्धं पेडल मारतात, ती.

"गुरुजी, सीटवर बसा की!"

"सीटवर मी कधी बसलोच न्हाई हो. तेवढी उंची यायच्या आत वडिलांनी सायकल इकली!"

चांगला पन्नाशीचा माणूस, शर्ट खोचलेला, पट्टा लावलेला, आणि वाकडा होऊन कैची मारत निघाला. बरं, चालवायला लागला झकास. पण समोरून त्यांचाच वर्ग शाळेला निघालेला. पोरांनी रस्त्याच्या कडेला रांग धरली आणि एका सुरात ओरडली, "एक साथ नमस्तेऽऽ!"

आता इतक्या वर्षांची सवय. गुरुजींनी दोन्ही हात जोडले!

आम्ही धावत गेलो. सायकल रस्त्यावर, गुरुजी घाणेरीच्या झुडपात. आणि झुडपातून आवाज आला, "नमस्ते. बसा खाली!"

पोरं बसलीसुद्धा.

*

सलीमभाईंचं वेगळंच. आपल्याकडं गाडी असलेला माणूस सायकलवर दिसला, की त्याचं काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालतात. सलीमभाई हायवेनं एकटेच निघाले होते. मागून बेल्ह्याच्या बाजाराला चाललेला टेम्पो आला आणि थांबला. ड्रायव्हर त्यांचं जुनं गिऱ्हाईक.

"मास्तर! गाडी कुठं गेली? आन् ह्या वयात ही पाळी?"

"आरे, व्यायाम चाललाय."

"मला सांगताय व्हय? चढा वर, लाजू नका."

सलीमभाई नको नको म्हणतायत, तोवर ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनी उतरून सायकल वर टाकली. पाठोपाठ सलीमभाईंनाही टाकलं. मागं दोन बैल. एवढ्या प्रेमानं उचललेल्या माणसानं भांडायचं कसं? आळेफाटा आला, गेला. ड्रायव्हर आपला वाटभर धीर देतोय, "व्हईल सगळं नीट, मास्तर. दिवस राहत न्हाईत."

दुपारी एसटीच्या टपावर सायकल टाकून परत आले. घरी भाभींनी विचारलं, "एवढा उशीर? कुठवर गेला व्हता?"

"बेल्ह्यापर्यंत."

"या अल्ला! सायकल घेऊन?"

"घेऊनच गेलो व्हतो," सलीमभाई म्हणाले आणि जेवायला बसले. भाभींनी त्या दिवशी जास्तीची भाकरी वाढली!

*

माझीही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतो. रोज सकाळी मोटरसायकल पंपावर वळवायची, मग स्टुडिओ उघडायचा, हा माझा शिरस्ता. सायकल घेतली तरी हँडल आपोआप पंपाकडं वळलं. मोटरसायकलींच्या रांगेत उभा राहिलो, एकेक पाऊल पुढं सरकत राहिलो. मागचा हॉर्न वाजवायला लागला तर त्याला दम दिला, "रांग दिसत न्हाई का?"

नंबर आला. मी उतरलो आणि माझा हात टाकीचं झाकण शोधायला लागला.

पंपावरचा माणूस फार सभ्य. पाइप हातात घेऊन म्हणाला, "झिरो बघून घ्या, भाऊ. आता फक्त टाकू कुठं तेवढं सांगा!"

तेव्हापासून मी दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरतो.

*

इकडं बापूंचा हात चांगला बसला. तशी त्यांनी पुढची तयारी सुरू केली. म्हणाले, मागं वजन घेऊन सराव पायजे. मंचरहून बटाट्याचं पोतं आणलेलं होतं. ते कॅरिअरवर बांधलं. "अंदाजे तेवढंच भरंल," असं डोळ्यानं मोजून म्हणाले. हे वहिनींच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही तिघांनी देवाला हात जोडले.

सकाळी बापू घरून निघाले ते थेट स्टुडिओपुढं थांबले. घाम नाही, दम नाही, चेहरा नुसता फुललेला.

"फोटोवाले, जमलं! उगाच भ्यायलो. जरा म्हणून जड वाटलं न्हाई!"

मी त्यांच्या मागं बघितलं. सलीमभाईंनी बघितलं. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कॅरिअरवर नुसता दोर लोंबत होता.

पोतं ज्याला सापडलं, त्यानं ते इमानदारीनं बापूंच्या घरी पोचवलं. "वहिनी, बापूंचं पोतं पडलं व्हतं."

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई. ह्या टायमाला पोतंच पडलं!"

*

हे हसण्यावारी गेलं, पण बापू खचले. सकाळी यायचे बंद झाले. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. ते दुकानावर निघून गेले होते. वहिनींनी चहा टाकला. मी म्हटलं, "वहिनी, बसा की एकदा. आता नाही पाडायचे ते."

वहिनींनी चहा गाळून कप पुढं केला. मग म्हणाल्या, "भाऊजी, पडल्याचं मला काय बी न्हाई. माणूस पडतंच. पर मी पडले आन् ह्यांना कळलंच न्हाई! बोलत व्हते ते कुनाशी मग? त्याचं लागलं मला. अजून लागतं."

 चहा तसाच ठेवून मी उठलो. दुकानावर जाऊन मी बापूंना शब्द न् शब्द सांगितला. बापूंच्या हातात तांब्याची तार होती, ती तशीच धरून बसले. "हे मला कधी बोलली न्हाई रे ती," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बापूंनी नवाच प्रकार सुरू केला. वहिनी सकाळी देवीच्या देवळात चालत जायच्या. बापू सायकल हातात धरून त्यांच्या बाजूनं चालायला लागले. स्वार व्हायचं नाही, बस म्हणायचं नाही. आणि नवल म्हणजे तोंड बंद! वहिनी बोलणार, बापू ऐकणार. गावात लोक विचारायचे, "बापू, पंक्चर का?" बापू मानेनंच हो म्हणायचे.

असे कितीतरी दिवस गेले. आम्ही तिघं मागून सायकलींवर हळूहळू जायचो, कारण पुढं काढायला जीव होईना.

मग एका सकाळी देवळातून परतताना वहिनी मध्येच थांबल्या. गुडघा चोळला. "थांबा जरा," म्हणाल्या. पदर खोचला आणि कॅरिअरवर बसल्या. "हं. चला. पर हळू."

बापूंनी टांग मारली खरी, पण चार पेडलं मारली की मान मागं! पुन्हा पेडल, पुन्हा मान मागं. सायकल या कडेची त्या कडेला. आम्ही मागं ब्रेकवर हात ठेवून. गुरुजी तर डोळे मिटून सायकल चालवत होते, आणि तीही कैची.

"अवो, पुढं बघा पुढं!" वहिनी ओरडल्या. "मी हाय!" आणि त्यांनी बापूंचा शर्ट मुठीत धरला.

मग सायकल सरळ झाली. वारूळवाडी आली. बापूंच्या घराचं वळण आलं. सायकल वळली नाही. मला वाटलं, झालं, बापूंचं पुन्हा ध्यान सुटलं! मी जोरात पेडल मारून जवळ गेलो आणि ओरडणार, "बापू, घर मागं राहिलं..."

वहिनींनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.