लेबल नसलेली बाटली

कामणच्या औषधांच्या गोदामात माझं काम एकच: आलेल्या खोक्यांवरचा बॅच नंबर, तारीख आणि सील बघायचं. नऊ वर्षं हे केल्यावर मी घरातल्या लोणच्याच्या बरणीकडेही संशयानेच बघते. त्यामुळे स्वयंपाकघराच्या फळीवर सरबताच्या जुन्या बाटलीत काळपट, दाट काहीतरी दिसलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

सासऱ्यांच्या पोटात दोन-तीन महिने जळजळ होत होती. आयुष्य केळीच्या वाडीत गेलेलं, डॉक्टरचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. मिठागराकडच्या गावातल्या एका म्हातारीने त्यांना हा अर्क दिला होता. अल्सरवर म्हणे रामबाण. मी थेंबभर चाखला. आधी ज्येष्ठमधाचा गोडवा लागला, मग कच्च्या केळ्याचा तुरटपणा, आणि शेवटी काहीतरी कडू, जे ओळखता येईना. ते कडूच माझ्या डोक्यात बसलं. असल्या काढ्यांत गोळ्या कुटून घालतात, असं गोदामात ऐकलं होतं.

रविवारी स्कूटर काढली आणि थेट तिचं घर गाठलं.

"यात काय काय घालता?"

"ते सांगायचं नसतं, बाय. नाव घेतलं का गुन जातो."

"पैसे किती घेता?"

"औषदाचे कशे पैशे घ्यायचे?"

फुकट देणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो. हिचा आमच्या वाडीवर डोळा असणार, असंही मनात येऊन गेलं. "आमच्या माणसाला काही झालं तर पोलिसात जाईन," असं मी तिच्या अंगणात, तिच्या सुनेसमोर, जमलेल्या शेजारणींसमोर ओरडून सांगितलं. म्हातारी गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे चोरच, हे मी ठरवूनही टाकलं.

पुढच्याच आठवड्यात सासरे न्हाणीघरातून बाहेर येताना भिंत धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, हे त्यांनी तेव्हा कुठे सांगितलं. दवाखान्यात नेताना बाटली मी पुरावा म्हणून पिशवीत घातली.

दुर्बिणीने तपासलं. पोटात जखम होती आणि तिच्यातून रक्त जात होतं. मी बाटली टेबलावर आपटली. डॉक्टरबाईंनी ती शांतपणे बाजूला सारली.

"यात काय आहे मला माहीत नाही, त्यामुळे हे बंद. पण आधी सांगा, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का?"

चालू होत्या. गुडघ्यांसाठी पंधरा दिवसांच्या लिहून दिल्या होत्या. बाबा काठीशिवाय वाडीत फिरायला लागले म्हणून मीच त्या चार महिने चालू ठेवल्या. रोज सकाळी, कामाला निघण्याआधी, उपाशीपोटी, माझ्या हाताने. सीलबंद पट्टी, तारीख तपासलेली. जेवणानंतर घ्या, असं चिठ्ठीवर स्पष्ट होतं. त्यांच्या जेवणापर्यंत थांबायला मला वेळ नव्हता.

रक्त चढवल्यावर दुसऱ्या दिवशी ते नीट बोलायला लागले. मी त्यांच्या पायाशी बसले होते.

"बाबा, गोळी घेतली की जळजळतं, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

"आलं होतं ना. पहिल्या महिन्यातच."

"मग बोलला का नाहीत? त्या बाटल्या कशाला आणत बसलात?"



"तू रोज एवढ्या आठवणीनं द्यायचीस. घरच्या माणसावर संशय घ्यायचा कसा?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसवेना. मला रडू कोसळलं. त्या अंगणात मी जे ओरडून आले होते, ते शब्दन् शब्द आठवायला लागलं.