खंडेनवमीला पुसलेलं वॉर्मर

माझी बायको रश्मी दवाखान्यांतली मशिनं सांभाळते. घरचा मिक्सर कधीचा बंद पडलाय, पण त्याबद्दल काही बोललं की म्हणते, "त्यानं कुणी मरत नाही." आम्ही राहतो शिरूरला आणि तिच्याकडे शिरूर-दौंड पट्ट्यातले छोटे दवाखाने आहेत. तपासणीची मुदत टळलेली मशिनं हुडकायची आणि ती दुरुस्त होईपर्यंत लोकांच्या मागं लागायचं, हे तिचं काम. सुटा भाग मागितला की एजन्सी म्हणते मंजुरी आणा, मंजुरी मागितली की ट्रस्टी म्हणतात पुढच्या मीटिंगला बघू. ती फोनवर सगळ्यांशी गोड बोलते आणि फोन ठेवला की भांडी आपटते. ती भांडी माझ्या वाट्याला.

दौंडकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारं एकच वॉर्मर आहे. बाळाच्या पोटाला सेन्सर चिकटवायचा. अंग पुरेसं गरम झालं की वरचा हीटर आपोआप कमी होतो. त्याच्या तपासणीची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. रश्मीनं तपासलं तर सेन्सर बिघडलेला. अंग तापलं तरी तो गारच दाखवायचा, म्हणजे हीटर थांबायचाच नाही. तिनं त्यावर लाल चिठ्ठी डकवली, 'वापरू नका'. इथून हलवा म्हणाली, तर डॉक्टर म्हणाले, राहू द्या, सेन्सर आला की इथंच बसवू.

खंडेनवमीला ती घरीच होती. आमच्याकडे ती पूजा नसते. दुसऱ्या दिवशी विहारात जायचं म्हणून मी पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत होतो. तेवढ्यात त्याच दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या विठाबाई मावशींनी तिला फोटो पाठवला. सगळी मशिनं पुसून लख्ख केलेली, त्यांना हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. रश्मी कौतुकानं हसली. मग तिनं फोटो बोटांनी मोठा केला आणि तिचा चेहरा उतरला. लगेच फोन लावला.

"मावशी, वॉर्मरवरची लाल चिठ्ठी कुठाय?"

"काडली की! निघतच नव्हती, स्पिरिट लावून घासली. पूजेला असलं काय बरं दिसतं का?"

"आत्ता त्यावर बाळ आहे?"

"म्या तर घरी आले, बाई. पर सकाळी एक बाळंतीण आल्ती."

त्यानंतर वॉर्डचा फोन नुसताच वाजत राहिला आणि डॉक्टरांचा बंद होता. मी म्हणालो, "बघेल की कुणीतरी." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी इस्त्री बंद केली आणि मोटारसायकलची किल्ली उचलली.

निमोणं गाव मागं पडलं तरी ती मागं बसून फोनच लावत होती. "मला कळायला पाहिजे होतं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "नवमीला मशिनं पुसतात हे कुणाला माहीत नाही?" एरवी मी काहीतरी चेष्टा केली असती. त्या दिवशी नुसती गाडी दामटली. एखाद्या लेकराला काही झालं तर ही बाई आयुष्यात सावरणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

बाळ वॉर्मरवरच होतं. स्टुलावर बसलेल्या त्याच्या आजीनं, मुक्ताबाईंनी, पोराची टोपीसुद्धा काढलेली नव्हती. मशिनवर हिरवा दिवा, मशिनच्याच गळ्यात झेंडूची माळ, आणि बाळ लालबुंद होऊन भराभरा श्वास घेत होतं. रश्मीनं धावत जाऊन बटण बंद केलं.

"अगं ए, मशिन का बंद करती?" आजी ओरडली. "सिस्टरनं ठिवलंय लेकराला!"

आरडाओरडा ऐकून सविता सिस्टर पळत आल्या. त्या त्याच दिवशी रजेवरून आलेल्या, चिठ्ठी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला आणि "अरे देवा" म्हणाल्या. टोपी, कपडे काढले, बाळाला बाजूच्या गार खोलीत नेलं, आईला उठवून पाजायला लावलं. डॉक्टरही आले. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. बऱ्याच वेळानं ताप उतरला आणि पोरानं खणखणीत टाहो फोडला.

मुक्ताबाई रश्मीसमोर आल्या. आवाज चढवला नव्हता. "बिघडल्यालं व्हतं, तर हितं ठिवलं कशाला?"

एजन्सी, मंजुरी, मीटिंग हे सगळं रश्मीला तोंडपाठ आहे. पण ती "चुकलं आमचं, आजी," म्हणाली. मग प्लग उपसला, पिशवीतून पक्कड काढली आणि वॉर्मरची वायर मुळापासून कापून टाकली.

"पण रश्मी," सविता सिस्टर हळूच म्हणाल्या, "आता अवघडलेली बाई आली, तर काय सांगू?"

"पुढं पाठवा."

"आणि पोचली नाही तर?"

रश्मी तुटकी वायर गुंडाळायला लागली. बाहेर फाटकाशी एक जीप येऊन थांबली होती आणि कुणीतरी सिस्टरला हाक मारत होतं.