बाईंची खालची पापणी

मी डॉक्टर झालो तो आमच्या गावच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंमुळे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. शाळा सुटल्यावर बाईंनी तीन वर्षं मला आपल्या ओसरीवर बसवून शिकवलं.

आता मी भोपाळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेआधीची तपासणी करतो. अयोध्या नगरात एकटा राहतो. रविवारी सकाळी दूधवाल्याशी बोललो की दिवसभर पुन्हा तोंड उघडायचं काम पडत नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा नंबर पुकारला, आणि समोर बाई उभ्या. मी सगळ्यांदेखत वाकून पाया पडलो.

"ऊठ रे, तुझे पेशंट घाबरतील," त्या म्हणाल्या. मग डोळ्यांखालच्या फुगवट्यांवर बोट ठेवलं. "हे तुम्ही लोक काढून टाका. आमचे हे गेले तेव्हापासून जो येतो तो विचारतो, बाई, रडत होतात का? मी आपली वरणाला फोडणी देत असते! आणि कातडी जरा जास्तच कापा, पुन्हा यायला नको."

उतारवयात खालची पापणी सैल होते. अशा पापणीची कातडी जास्त कापली, तर ती खाली ओढली जाते, डोळा पूर्ण मिटत नाही, सारखं पाणी गळतं. म्हणून आधी पापणी खाली ओढून सोडायची. डोळ्यांची उघडझाप होण्याआधी ती चटकन जागेवर गेली पाहिजे. मी बाईंच्या डोळ्याखाली बोट नेलं आणि ते नुसतंच टेकवलं. जिच्या पायांना हात लावायचा, तिचा चेहरा ओढायचा कसा? कागदावर लिहिलं, 'ताण चांगला.' बाईंना तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारची तारीख मिळाली आणि त्या दुपारच्या बसने परत गेल्या. रांग मोठी होती. मी चहाचंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी राहवेना. शस्त्रक्रिया करणाऱ्या मॅडमना सगळं सांगितलं.

"लाजलास? मग मला हाक मारायचीस. अरे, बाई जन्मभर डोळे पुसत बसल्या असत्या!" मॅडमनी तारीख खोडली. "आता तूच कळव त्यांना."

बाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही. मी पत्र लिहिलं:

"आदरणीय बाई,

तुमची पापणी ओढून न पाहताच मी ती चांगली असल्याचं लिहिलं. पायऱ्या न करता उत्तर लिहिलं की तुम्ही वहीचं पान फाडायचात. हेही तसंच समजा. सोमवारची शस्त्रक्रिया थांबवली आहे. कृपया एकदा पुन्हा या. या वेळी मी नीट ओढून पाहीन, दुखत नाही. सैल निघाली तर मॅडम पापणीचा बाहेरचा कोपरा टाक्याने आवळून घेतील आणि कातडी अगदी थोडी काढतील. तुम्ही म्हणालात तशी जास्त काढणार नाहीत.

आणि त्याच दिवशी परतू नका. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एक रिकामीच असते. तिच्यात मी कालच पलंग टाकून घेतला आहे."